नाव, अक्षर आणि आजीविका

वर्षावासाच्या काळात आपल्या वसतिगृहात दर रविवारी वंदनेनंतर अभ्यासवर्ग भरतो. गेल्या वर्षावासातील एका रविवारी ठरलेला विषय बाजूला ठेवून आम्ही एका माजी विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा विचार केला. प्रश्न वरकरणी लहान होता : एका छोट्या व्यवसायाला नवे नाव काय द्यावे? परंतु चर्चा सुरू झाल्यावर त्यात धम्म, इतिहास, कायदा आणि लिपी अशा चारही अंगांचा अभ्यास करावा लागला. पुढील दोन रविवारही त्यातच गेले. आपल्या संस्थेतून बाहेर पडलेले अनेक जण आज स्वतःचा उद्योग करीत आहेत. त्यांना आणि त्यांच्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून त्या अभ्यासाचे सार या स्मरणिकेत देत आहोत.

१. प्रश्न कसा निर्माण झाला

हा विद्यार्थी दहावीपर्यंत वसतिगृहात होता. पुढे त्याने आयटीआय केले, रेडियमच्या एका दुकानात काही वर्षे काम शिकला आणि तीन वर्षांपूर्वी शिरोलीच्या बाजूला महामार्गालगत पत्र्याची शेड भाड्याने घेऊन स्वतःचा व्यवसाय सुरू केला. मोटारसायकल, जीप आणि ट्रॅक्टर यांच्या टायरवर गिऱ्हाइकाला हवी ती अक्षरे काढून देणे हे त्याचे काम. उसाचा हंगाम जवळ आला की ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या सजवून घेणाऱ्यांची त्याच्याकडे रांग लागते.

व्यवसायाचे पहिले नाव त्याने घाईत घेतले होते. एका प्रसिद्ध परदेशी टायर कंपनीच्या नावातील एक अक्षर बदलून ते तयार केलेले होते. त्या नावामुळे काही गिऱ्हाइके त्याला त्या कंपनीचा माणूस समजत. आरंभी त्याला याचा आनंद वाटला. नंतर मात्र संकोच वाटू लागला. आता बँकेत खाते आणि उद्योगाची नोंदणी नीट करून घ्यायची, तर त्याआधी नाव बदलावे, असे त्याने ठरवले. आठ-नऊ नावांचा कागद घेऊन तो वर्गात आला.

कागद वाचून झाल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "सर, फलकावर नावाच्या खाली माझं पूर्ण नाव लिहायचा विचार आहे. पण आडनाव टाकू का नको?"

वर्ग शांत झाला. आपल्या जिल्ह्यात आडनाव वाचले की जात वाचली जाते, हे तेथे बसलेल्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज नव्हती. एका गिऱ्हाइकाने काम ठरवून झाल्यावर सहज आडनाव विचारले आणि ते पुन्हा आलेच नाही, असा अनुभव त्याने सांगितला. वर्गात मागे बसलेल्या एका विद्यार्थ्याच्या आई तेव्हा बोलल्या. "आडनाव झाकून गिऱ्हाईक आणलं, तर ते कळंल तवा जायचंच की. मग रोज भ्यायचं का?"

या प्रश्नाचे उत्तर घाईने द्यायचे नाही, आधी नावाचाच अभ्यास करायचा, असे आम्ही ठरवले.

२. नाव ही केवळ संज्ञा आहे

नावाच्या शोधात निघालेल्या विद्यार्थ्याची एक कथा बौद्ध साहित्यात आहे. ती नामसिद्धि जातक म्हणून ओळखली जाते. तक्षशिलेत एका आचार्यांकडे शिकणाऱ्या तरुणाचे नाव 'पापक' होते. सर्व जण त्याला 'पापक, ये', 'पापक, जा' अशी हाक मारीत. या अशुभ नावाला कंटाळून त्याने आचार्यांकडे दुसरे नाव मागितले. आचार्यांनी त्याला देशभर फिरून आवडेल ते नाव शोधून आणण्यास सांगितले. वाटेत त्याला एक अंत्ययात्रा दिसली. मृताचे नाव होते 'जीवक'. पुढे एका दासीला मजुरी आणली नाही म्हणून मारहाण होत होती. तिचे नाव 'धनपाली'. आणखी पुढे एक मनुष्य वाट चुकून भटकत होता. त्याचे नाव 'पंथक'. जीवक मरतो, धनपाली दरिद्री असते आणि पंथक वाट चुकतो, हे पाहून तरुण परत आला आणि आपले जुनेच नाव त्याने आनंदाने ठेवले.

मिलिंद प्रश्नात हाच विचार अधिक खोलवर मांडलेला आहे. मिलिंद राजाने नाव विचारल्यावर भदंत नागसेन म्हणतात की, 'नागसेन' ही केवळ व्यवहारातील संज्ञा आहे. राजाला ते पटत नाही. तेव्हा नागसेन त्याला विचारतात की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? यांपैकी एकही वस्तू रथ नाही. त्या सर्वांच्या एकत्र येण्याला आपण व्यवहारासाठी 'रथ' म्हणतो. चाकावर अक्षरे काढणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला हा दृष्टांत विशेष आवडला.

यातून पहिला धडा मिळतो. भारदस्त नावाने काम भारदस्त होत नाही. कागदावरच्या नावांत 'रॉयल', 'किंग' आणि 'नंबर वन' या शब्दांनी सुरू होणारी तीन नावे होती. जातकातील धनपालीची आठवण ठेवून ती तिन्ही नावे आम्ही प्रथम खोडली.

३. तरीही नाव ही भूमिका आहे

नाव जर केवळ संज्ञा असेल, तर आपल्या समाजाने नावासाठी एवढा संघर्ष का केला, असा प्रश्न एका पालकांनी विचारला. प्रश्न योग्य होता. मराठवाडा विद्यापीठाला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या काळात आपल्या माणसांची घरे जळाली आणि प्राण गेले. ज्या शब्दासाठी इतकी किंमत मोजली गेली, त्याला 'नुसते नाव' म्हणता येणार नाही.

या दोन गोष्टींचा मेळ बाबासाहेबांच्या जीवनातूनच लागतो. त्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला. त्या कार्याला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले, १९२८ मध्ये 'समता' आणि १९३० मध्ये 'जनता'. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' झाले आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे धम्मदीक्षा झाली. ही पाच नावे ओळीने वाचली तरी छत्तीस वर्षांचा प्रवास समजतो. ज्यांना वाणी नव्हती त्यांचा नायक, मग बहिष्कृतांचा भारत, मग समतेचे तत्त्व, मग सर्वसामान्य जनता आणि शेवटी जागृत झालेला भारत. कार्य पुढे गेले तसे नाव पुढे गेले.

याच्या उलट बाजूचाही त्यांनी विचार केला होता. 'हरिजन' हे दुसऱ्यांनी दिलेले नाव कायद्यात घालण्यास १९३८ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात विरोध केला. 'मुक्ती कोन पथे' या नावाने प्रसिद्ध असलेल्या ३१ मे १९३६ च्या भाषणात त्यांनी नामांतराचा प्रश्न घेतला होता. जुन्या व्यवस्थेतच राहून नुसती नावे बदलल्याने मुक्ती मिळणार नाही. स्थिती बदलणारे धर्मांतर हेच खरे नामांतर, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

म्हणून दुसरा धडा असा : नावात स्वतःची शक्ती नसते, पण ते एक विधान असते. जे विधान आपण रोज करतो, ते सम्यक वाचेच्या कक्षेत येते. व्यवसायाच्या नावाने केलेले विधान सम्यक आजीविकेच्याही कक्षेत येते. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी सांगितले. अक्षरे काढणे या पाचांत बसत नाही. तरीही निर्दोष व्यवसाय खोट्या शब्दाने दूषित होऊ शकतो.

४. टायरवरची नावे काय सांगतात

हा विद्यार्थी दिवसभर ज्या टायरना हात लावतो, त्या टायरवर आधीच कोणाची तरी नावे उठवलेली असतात. ती नावे कशी पडली, हे आम्ही पाहिले. नावे ठेवण्याचे बहुतेक प्रकार त्यांतच सापडले.

पहिला प्रकार आडनावाचा. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्टमध्ये राहणारे पशुवैद्य होते. मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी त्यांनी हवा भरलेले टायर तयार केले आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यांचे आडनाव हेच कंपनीचे नाव झाले. योगायोग असा की, त्याच १८८८ साली आपल्या शेजारच्या बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान सुरू केले. लोखंडी नांगर करणाऱ्या त्या कारखान्यासाठी १९१० मध्ये औंध संस्थानात वसाहत उभी राहिली आणि तेथील रेल्वे स्थानकालाही पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. जपानमध्ये शोजिरो इशिबाशी यांनी १९३१ मध्ये टायरची कंपनी स्थापन केली. त्यांच्या आडनावाचा अर्थ दगडी पूल. त्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर करून, शब्दांचा क्रम उलटा लावून 'ब्रिजस्टोन' हे नाव तयार केले. परदेशी बाजारात चालावे म्हणून त्यांनी आडनावाला निराळा पोशाख चढवला, पण ते टाकून दिले नाही.

दुसरा प्रकार थोर व्यक्तीच्या नावाचा. रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची रीत चार्ल्स गुडइयर यांनी शोधली. १८६० मध्ये ते कर्जबाजारी अवस्थेत वारले. त्यांच्या नावाची टायर कंपनी अडतीस वर्षांनी, १८९८ मध्ये, दुसऱ्याच माणसाने काढली. गुडइयर यांच्या कुटुंबाचा तिच्याशी संबंध नव्हता. थोरांचे नाव लावणे सोपे असते. त्यांच्या कष्टाचे फळ त्यांना किंवा त्यांच्या माणसांना मिळतेच असे नाही.

तिसरा प्रकार आद्याक्षरांचा. 'एमआरएफ' म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी. १९४६ मध्ये फुगे तयार करणाऱ्या एका लहान शेडपासून तिची सुरुवात झाली. 'सिएट' हे नाव इटलीतील तुरीन शहरातून आले. त्याच्या मूळ इटालियन शब्दांचा अर्थ विजेच्या तारा आणि तत्सम वस्तू असा आहे. त्यात टायरचा उल्लेखही नाही. या दोन्ही नावांना जो अर्थ आला, तो नंतरच्या कामातून आला. पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या आमच्या विद्यार्थ्याला फुग्यांच्या शेडची गोष्ट ऐकून बरे वाटले.

५. कोल्हापूरचे दाखले

जगाचे दाखले पाहिल्यावर आम्ही स्वतःच्या गावाकडे वळलो. आडनावाच्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हाला येथेच मिळाले.

गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याच्या आरोपावरून, महाराज बाहेरगावी असताना, त्यांना बेदम मारहाण झाली. परतल्यावर महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना नोकरीऐवजी स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या लोकांनाही देऊ लागले. हॉटेलाला सोडा तयार करण्याचे यंत्रही त्यांनी मिळवून दिले. महाराजांच्या निधनानंतर त्यांचे स्मारक उभारण्यात याच गंगारामांनी पुढाकार घेतला.

त्या हॉटेलाचे नाव होते 'सत्यसुधारक'. आम्ही या नावावर बराच वेळ विचार केला. गंगारामांपुढे दुसरे मार्ग होते. एखाद्या देवाचे नाव देऊन, मालक कोण हे न सांगता, दुसऱ्या पेठेत दुकान टाकता आले असते. त्यांनी हमरस्त्यावर दुकान टाकले. मालक कोण, हे शहराला ठाऊक असू दिले आणि सत्यशोधक विचाराशी नाते सांगणारे नाव लावले. चहा पिणाऱ्या प्रत्येकाला ते नाव वाचून आत जावे लागे. त्या काळी हे धाडस केवढे मोठे होते, याची कल्पना आज आडनाव लिहिताना अडखळणाऱ्या हाताला नक्की येईल.

दुसरा दाखला कलेचा. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांनी बंधू आनंदराव यांच्यासह नाटकांचे पडदे रंगवले. पडदे इतके गाजले की, लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले. १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट करणारे ते हेच बाबूराव पेंटर. आज त्यांचे मूळ आडनाव विचारल्यास कित्येकांना सांगता येणार नाही. त्यांच्या बाबतीत कामच आडनाव झाले. पण हा बदल त्यांनी स्वतःला लपवण्यासाठी केला नव्हता. लोकांनी तो त्यांना बहाल केला होता. मेहनतीने मिळालेले नाव आणि भीतीने घेतलेले नाव यांत हा फरक आहे.

तिसरा दाखला आपल्या पायातल्या चपलेचा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तशाच घडणीच्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. येथून आक्षेप गेल्यावर भारतीय हस्तकलेची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले. कातडे कमावून पिढ्यान्‌पिढ्या चपला शिवणाऱ्या हातांना समाजाने हीन लेखले. जगाच्या बाजारात त्याच चपलेचे नावही गाळले गेले. नाव न घेणे हेसुद्धा हिरावून घेणे असते. आमच्या विद्यार्थ्याने जुन्या नावातून हेच उलट्या दिशेने केले होते : दुसऱ्याच्या नावाचे वजन आपल्या दुकानासाठी वापरले होते. हे त्याने वर्गात स्वतःच मान्य केले.

६. अक्षरांची परीक्षा

तत्त्वाचा विचार झाला तरी नाव शेवटी अक्षरांत लिहायचे असते आणि या व्यवसायात ते गोल टायरवर लिहायचे असते. येथे विद्यार्थी शिक्षक झाला आणि आम्ही ऐकत राहिलो.

टायरची बाजू चाक फिरताना सतत दबते आणि सुटते. घरातील लोखंडी दाराला लावतात तो ऑइलपेंट तेथे लावला, तर काही दिवसांत तडकतो. ऊन-वाऱ्यात रबराला चिरा पडू नयेत म्हणून त्यात मेण आणि इतर द्रव्ये घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि पांढऱ्या अक्षराला तपकिरी करतात. म्हणून आधी बाजू घासून पूर्ण स्वच्छ करावी लागते, लवचीक रंगाचे पातळ थर एकावर एक द्यावे लागतात, किंवा कापलेली रबरी अक्षरे लवचीक डिंकाने चिकटवावी लागतात. धुवून कोरडे करण्यात केलेली घाई पहिल्या पावसात उघडी पडते.

देवनागरीची आणखी एक अडचण आहे. आपली अक्षरे शिरोरेषेला लटकतात आणि टायरवर ती शिरोरेषाच वाकवावी लागते. वेलांटी, मात्रा आणि रफार टायरच्या जमिनीकडील कडेजवळ जातात. तेथे माती आणि घासणे अधिक. उकार रिमकडे सरकतात. जोडाक्षर लहान झाले की दुरून वाचता येत नाही. म्हणून शक्यतो तीन-चार अक्षरांचे, वर-खाली चिन्हे नसलेले आणि जोडाक्षर नसलेले नाव चांगले. वहीवर शिक्षक लाल शाईने देत तो 'सुवाच्य' हा शेरा आम्हा सर्वांना नाव म्हणून आवडला होता; परंतु त्यात खाली उकार आहे आणि शेवटी जोडाक्षर आहे. सुवाच्य हा शब्दच टायरवर सुवाच्य राहत नाही, हे कळल्यावर वर्गात हशा पिकला. 'समता' आणि 'सरळ' हे शब्द मात्र या परीक्षेत सहज उतरले.

अक्षरांच्या प्रामाणिकपणाचे नियमही त्याने स्वतःसाठी लिहून काढले. टायरवर त्याचे माप, भार पेलण्याची क्षमता आणि तयार झाल्याची तारीख उठवलेली असते. तारखेचे चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढील दोन वर्षाचे. '२३२४' म्हणजे २०२४ मधील तेविसावा आठवडा. हे अंक रंगाने किंवा चिकटवलेल्या अक्षराने झाकायचे नाहीत. स्वस्त टायरवर नामांकित कंपनीचे नाव काढायचे नाही. रिमोल्ड टायर नवा वाटेल असे रंगवायचे नाही. नंबर प्लेटवरील आकड्यांतून 'दादा' किंवा 'बॉस' असे शब्द करून द्यायचे नाहीत. ते मोटार वाहन नियमांविरुद्ध आहे. या चार नकारांमुळे काही गिऱ्हाइके परत जातात, असे तो म्हणाला. सम्यक आजीविका म्हणजे काय, हे आम्ही त्याला पुस्तकातून शिकवले होते. या चार वाक्यांतून त्याने ते आम्हाला शिकवले.

७. कायद्याची तोंडओळख

लहान व्यावसायिकांना उपयोगी पडतील असे काही मुद्दे येथे देतो.

एक. महाराष्ट्रात दुकानाचा फलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हा नियम लागू झाला. फलकावर दुसरी लिपी असल्यास मराठी अक्षरे तिच्यापेक्षा लहान असता कामा नयेत.

दोन. बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा १९५० चा कायदा आहे. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांच्या नावांचा व्यापारी वापर त्याखाली निषिद्ध आहे. कायद्यात असो वा नसो, ज्या महामानवाचे नाव धुळीत आणि चिखलात फिरणाऱ्या चाकावर लिहावे लागेल, ते नाव आपण व्यवसायाला देऊ नये, असे वर्गाचे मत पडले.

तीन. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार नावाची नोंदणी करता येते. ती सक्तीची नाही. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. वस्तूचे किंवा कामाचे केवळ वर्णन करणारे नाव सहसा नोंदले जात नाही; 'कोल्हापूर टायर अक्षरे' यासारख्या नावावर म्हणूनच एकट्याचा हक्क सांगणे अवघड. आधीच्या नावाशी फसवे साम्य असलेले नावही नाकारले जाते. नाव पक्के करण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घ्यावा.

चार. नोंदणी झालेली नसताना नावापुढे वर्तुळातील 'आर' हे चिन्ह लावणे बेकायदेशीर आहे. सुबक दिसते म्हणून ते रंगवून घेणारे अनेक जण आहेत.

पाच. 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी कोणी शुल्क मागत असेल तर सावध राहावे.

८. निर्णय

तिसऱ्या रविवारी कागदावर दोन नावे उरली आणि त्यांतील एक त्याने निवडले. ते येथे छापत नाही. स्मरणिकेतील पाठ ही जाहिरात होऊ नये, अशी त्याचीच इच्छा होती. नाव लहान आहे, मराठी आहे, कोणाकडून उसने घेतलेले नाही आणि जे वचन पाळता येणार नाही असे कोणतेही वचन देत नाही.

आडनावाचा निर्णय मात्र आम्ही त्याच्यावर सोपवला. येथे उपदेश करणे सोपे होते, पण भाडे त्याला भरायचे आहे आणि घर त्याला चालवायचे आहे. पोटासाठी आडनाव न लिहिणाऱ्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. दोष आडनाव वाचून पाठ फिरवणाऱ्याचा आहे. हे आम्ही त्याला स्पष्ट सांगितले.

काही दिवसांनी आमच्यापैकी तिघे शेड पाहायला गेलो. फलक त्याने स्वतः रंगवला होता. वरच्या ओळीत व्यवसायाचे नवे नाव होते. खालच्या ओळीत त्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव होते. खालची ओळ वरच्या ओळीइतक्याच उंचीच्या अक्षरांत होती. आम्ही काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "सर, त्या आई म्हणाल्या ते पटलं. रोज भ्यायचं नाही."

गिऱ्हाइके वाढली की घटली, हे सांगण्याइतका काळ अजून लोटलेला नाही. परंतु त्या फलकासमोर उभे असताना आम्हाला सकाळच्या वर्गाची आठवण झाली. एके काळी याच कोल्हापूर संस्थानात आपल्या पूर्वजांना संशयित म्हणून रोज हजेरी द्यावी लागे. शाहू महाराजांनी ती पद्धत बंद केली. आज आपल्या वर्गात रोज हजेरी होते. प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव आडनावासह मोठ्याने पुकारले जाते आणि मूल उभे राहून 'हजर' म्हणते. तोच आवाज वर्गाबाहेरही टिकावा, एवढ्यासाठी या संस्थेची धडपड आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. नामसिद्धि जातकातील पापकाने जुने नाव ठेवले आणि बाबासाहेबांनी 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' केले. या दोन निर्णयांत विरोध आहे का? सकारण लिहा.

२. 'सत्यसुधारक' या नावातून गंगाराम कांबळे यांनी गिऱ्हाइकाला काय सांगितले असेल?

३. तुमच्या घरातील व्यवसायाचे किंवा तुम्ही करू इच्छिणाऱ्या व्यवसायाचे नाव लिहा. ते कोणते विधान करते? ते विधान खरे आहे का?

४. या पाठातील विद्यार्थ्याने स्वतःसाठी चार नकार ठरवले. तुमच्या कामात असे कोणते नकार असावेत, यावर घरातील वडीलधाऱ्यांशी चर्चा करा.